साथ छान होती

आमच्या घरात माझं मत विचारण्याची पद्धत नाही. भाजी कुठली आणायची हे ही ठरवते, पंखा कितीवर ठेवायचा हे सूनबाई ठरवते, आणि मी केव्हा झोपायचं हे चिरंजीव ठरवतात. त्यामुळे परवा नातीनं, "आजोबा, मला तुमचं मत हवंय," असं म्हटलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. वाटलं, दुसरेच कुणाचे तरी आजोबा आले असतील.

"तुम्ही पूर्वी गाण्यावर लिहायचात ना?"

लिहायचो खरा. दिवसा फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी एका साप्ताहिकासाठी संगीत-समीक्षा, असा माझा तरुणपणी दुहेरी संसार होता. एका परीक्षणाचे सात रुपये मिळत आणि मैफलीचा फुकट पास. त्या पासावरची खुर्ची नेहमी खांबाच्या मागे असे. मुंबईतल्या सभागृहांचे खांब मी गायकांपेक्षा जास्त बारकाईनं पाहिले आहेत.

माझ्याजवळ एकंदर अकरा वाक्यं होती. 'मैफल उत्तरोत्तर रंगत गेली', 'रसिक मंत्रमुग्ध झाले', 'भैरवीनं सांगता झाली' वगैरे. ती उलटसुलट लावली की परीक्षण तयार. त्यातलं अकरावं वाक्य माझं सगळ्यात लाडकं. जागा उरली की ते घालायचं: 'साथ छान होती.' तबलजी, पेटीवाले, मागे तंबोरा घेऊन बसलेली शिष्या, सगळ्यांची त्या तीन शब्दांत बोळवण व्हायची. ह्या वाक्यानं मला पुढे एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. पण ते ओघानं येईल.

तर नातीचं म्हणणं असं, की ती आणि तिच्या तीन मैत्रिणी आमच्या दादरच्या सोसायटीच्या गणपतीत नाच करणार आहेत. गाणं कोरियन. गटाचं नाव ब्लॅकपिंक. मी ते नाव प्रथम ऐकलं तेव्हा मला वाटलं, इमारतीला रंग काढायचं पुन्हा निघालं.

"आधी खरा कार्यक्रम बघा, मग आमची तालीम बघा, आणि मग खरं खरं सांगा," ती म्हणाली.

समीक्षकाला 'खरं खरं सांगा' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी चष्मा पुसून दूरदर्शन संचासमोर बसलो. सवयीनं थोडासा डावीकडे कललोही. मग लक्षात आलं, इथं खांब नाही.

पडद्यावर एक अफाट मैदान. हजारो माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात दिवा लावलेला हातोडा! परळ-लालबागला ज्याची उमेद गेली त्या माणसाला हातोडा दिसला की एकच आठवतं. मी विचारलं, "विळे कुठायत?"

नातीनं समजावलं, की तो हातोडा म्हणजे ह्या गटाच्या चाहत्यांची खूण. तो विकत घ्यायचा, कार्यक्रमाला न्यायचा आणि तालावर हलवायचा. आमच्या वेळी श्रोते मान हलवत. तिला पैसे पडत नसत.

मग चौघी आल्या. जिसू, जेनी, रोझे आणि लिसा. नाती-आजोबांच्या नात्यात जेवढी माहिती जबरदस्तीनं दिली जाते तेवढी मला दिली गेली, ती अशी. हा गट २०१६ सालच्या ऑगस्टमध्ये रंगमंचावर आला. त्याआधी ह्या मुलींनी एका कंपनीत चार ते सहा वर्षं नुसती उमेदवारी केली. लिसा तर थायलंडहून आली, कोरियन भाषेपासून सुरुवात. अमेरिकेतल्या कोचेला नावाच्या संगीतमेळ्यात २०१९ साली गायल्या, तिथं गाणारा कोरियन मुलींचा हा पहिला गट. २०२३ साली त्याच मेळ्यात मुख्य कार्यक्रमच ह्यांचा. २०२२ च्या ऑक्टोबरात सोलहून दौऱ्याला निघाल्या त्या जग फिरून पुढच्या सप्टेंबरात सोललाच परत आल्या. मग प्रत्येकीनं आपापला स्वतंत्र संसार थाटला. गट फुटला असं वाटलं तोवर २०२५ साली पुन्हा एकत्र येऊन लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर उभ्या राहिल्या.

"म्हणजे नाटक मंडळीच की," मी म्हणालो. "फुटली नाही ती मंडळी कसली!"

आता माझं परीक्षण. ह्यांचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं. आमच्याकडे तेवढ्यात तंबोरा लागत नसे. एका गाण्यात ह्या पळतात, उड्या मारतात, जमिनीवर बसतात, उठतात, केस उडवतात आणि मधूनमधून गातात. दम कुठून आणतात कोण जाणे. मला आमच्या जिन्याचे तीन मजले चढल्यावर स्वतःचं नाव सांगता येत नाही. पण खरं सांगायचं तर त्या झगमगाटात गळा कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं हे मला कळेना. सूर लावायला उसंत लागते. सुराला नुसता हात लावून पळालं की तो आपला होत नाही. मी हे बोलून दाखवलं. नात गप्प बसली. एवढं मात्र म्हणाली, "मधे प्रत्येकीचा एकटीचा भाग असतो. तो ऐका."

ऐकला. रोझे एकटी उभी राहून गायली तेव्हा मी डावीकडे कललेला सरळ झालो. पोरीला गळा होता.

इतक्यात चिरंजीव आले. "बाबा, तुम्हीसुद्धा? हिराबाई ऐकलेला माणूस तुम्ही! हे काय गाणं आहे?"

हिराबाईंचं नाव निघालं आणि नातीनं कान टवकारले. "त्यांचा पण ग्रुप होता?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण होता की! तीन बहिणी. हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. उमेदवारी घरातच, कारण वडील अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याच्या गायकीला ज्यांनी रूप दिलं, ते. आई ताराबाई माने. पुढे ताराबाई मुलं घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंच बदलली. चंपाकली होती तिची हिराबाई झाली, गुलाब होती ती कमला, सकीना होती ती सरस्वती. थोरले भाऊ अब्दुल रहमान, ते सुरेशबाबू माने.

"स्टेज नेम!" नात म्हणाली.

स्टेज नेमच. फक्त तिकडे कंपनी नाव ठेवते, इथं आईनं ठेवलं. आणि नुसती नावं ठेवली नाहीत, पोरांना उभं केलं. हिराबाईंची तालीम सुरेशबाबूंकडे आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ साहेबांकडे झाली. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९२१ च्या सुमाराला, मुंबईत विष्णु दिगंबरांच्या गांधर्व महाविद्यालयात त्या लोकांसमोर गायल्या. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बाईनं चार लोकांत गाणं म्हणजे काय, हे आज सांगून पटणार नाही. बाई गायची ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात, मालकाच्या मर्जीनं. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफल करायची प्रथा पाडली. तिकीट म्हटलं की आपल्याला रांग आठवते. पण त्या तिकिटाचा अर्थ असा होता, की दाराशी पैसे मोजलेत, आता आत मुकाट्यानं बसा आणि गाणं ऐका. बाईवर तुमचा दुसरा कसलाही हक्क नाही.

पुढे १९२९ च्या सुमाराला ह्या भावंडांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. बालगंधर्वांच्या शालूकडे बघून बायका शालू घेत होत्या त्या दिवसांत, इथं सुभद्रेचं काम खरोखरीची बाई करू लागली. हिराबाई सुभद्रा, बहिणी बरोबर. मग बोलपट आला आणि भल्याभल्या मंडळ्यांबरोबर हीही बसली. डोक्यावर कर्ज झालं. ते हिराबाईंनी गाऊन फेडलं. गावोगाव मैफली. रेल्वेचा तिसरा वर्ग, तंबोऱ्याची खोळ आणि रात्रभरचं जागरण. ब्लॅकपिंकच्या दौऱ्याला विमानं असतात. पण दौऱ्याचा शीण, मला वाटतं, सगळीकडे सारखाच असावा.

"नाचायच्या का?" नातीनं विचारलं.

नाही. आणि इथंच गंमत आहे. हिराबाई मैफलीत बसत त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन. हातवारे नाहीत, तोंड वेडंवाकडं नाही, मांडी बदलणं नाही. सगळी हालचाल गळ्यात. मी त्या स्थैर्याचं परीक्षणांतून फार कौतुक केलं आहे. 'सात्त्विक' हा माझा आणखी एक लाडका शब्द. पण परवा त्या चौघींना उड्या मारताना बघून प्रथमच मनात आलं, की ते स्थैर्य नुसतं आवडीचं नव्हतं. तो पदर म्हणजे चिलखत होतं. जरा हात हलला असता तर 'तसली' म्हणायला सभागृहात माणसं टपून बसली होती.

आणि 'तसल्या' म्हणजे कोण? गिरगावातून ट्राम पकडली की लालबाग काही परदेश नव्हे. तिथं हनुमान थिएटरात लावणीवाल्या बायका गात होत्या आणि नाचतही होत्या. एकाच वेळी, एकाच दमात. समोर गिरणीची पाळी सुटून आलेले कामगार. शिट्टी, टाळी, पुन्हा पुन्हा फर्माईश. आज नात मला 'गाणं आणि नाच दोन्ही करणं किती कठीण असतं, आजोबा' म्हणून सांगते. ते कठीण काम माझ्या घरापासून काही मैलांवर रोज चाललेलं होतं. मला साप्ताहिकानं तिकडे कधी पाठवलं नाही आणि मीही कधी पास मागितला नाही. कोरियातला नाच बघायला मला ऐंशीव्या वर्षी घरातला संच पुरला. लालबागला जायला मात्र तरुणपणी हिंमत झाली नाही. समीक्षक म्हणून माझा हा सगळ्यात मोठा खांब.

आता ते तोंडघशी पडणं.

हिराबाई आणि सरस्वतीबाई ह्या बहिणी पुढे एकत्र बसून जुगलबंदी गाऊ लागल्या. साठीच्या दशकाच्या मध्यापासून पुढे पंधराएक वर्षं. दोन बायकांची ख्यालाची जुगलबंदी ही तोवर फारशी कुणी ऐकलेली चीज नव्हती. त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. अशी एक जुगलबंदी मी गिरगावात ऐकली. गणपतीचे दिवस, रस्त्यावर मांडव, खाली सतरंजी आणि सतरंजी संपली तिथून पुढे वर्तमानपत्रं. बरोबर माझी आई होती. आई कधी कुठे जायची नाही. त्या दिवशी मात्र चारलाच भाकऱ्या थापून तयार. जुनी निळी नऊवारी.

हिराबाई सुरुवात करायच्या. संथ, एकेका सुरावर मुक्काम करीत. त्यांनी जिथं सोडलं तिथून सरस्वतीबाई उचलायच्या. सरगम आणि लयीचा खेळ हा धाकटीचा प्रांत. आवाज एका घरचे, पट्टी एक, त्यामुळे एकीचा सूर कुठे संपला आणि दुसरीचा कुठे सुरू झाला हे डोळे मिटले तर कळू नये. डोळे उघडले तर थोरली धाकटीकडे बघून बारीक हसताना दिसावी.

मी घरी येऊन रात्रीच परीक्षण लिहिलं. हिराबाईंवर दोन रकाने. सगळी अकरा वाक्यं कामाला लावली. शेवटी चार ओळींची जागा उरली, तीत तबला, पेटी वगैरे आटोपून लिहिलं, 'सरस्वतीबाईंची साथ छान होती.'

अंक आला. आई वाचायला बसली. वाचून झाल्यावर तिनं अंकाची नीट घडी घातली. आमच्याकडे जुने अंक शेवयांच्या डब्यात खाली घालायला वापरत. तो तिनं तिथं नेऊन ठेवला आणि म्हणाली, "ती साथ नव्हती रे. दोघी गात होत्या."

मी काहीतरी समीक्षकी बोललो. थोरलीचा मान, परंपरा वगैरे.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आणि ताई एका मास्तरांकडे शिकलो. बरोबर बसायचो, बरोबर गायचो. लोक ऐकायला आले की ताईला म्हणायचे, काय गळा आहे! आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, धाकटी साथ छान करते. पाच वर्षं ऐकलं. मग एक दिवस मलाच वाटायला लागलं, आपण साथच करतो. लग्नात तुझ्या वडलांकडच्यांनी विचारलं, मुलीला गाणं येतं का? मी म्हटलं, नाही."

माझ्या आईला गाणं येतं हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. तोवर मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया आरती सुरात म्हणतात. संगीत-समीक्षक घरात दोन खोल्यांच्या अंतरावर झोपत होता आणि त्याला पत्ता नव्हता. इथं तर खांबही नव्हता.

मी तिला म्हटलं, "आई, आता गा." ती म्हणाली, "आता दूध उतू जाईल," आणि उठली.

त्यानंतर मी साप्ताहिकात फार दिवस लिहिलं नाही. लोक विचारत तेव्हा मी सांगायचो, सात रुपये परवडत नाहीत.

हे सगळं मी नातीला सांगितलं नाही. तीन बहिणींची गोष्ट सांगून थांबलो. तिनं मात्र नेमकं विचारलं, "मधल्या बहिणीचं काय? कमलाबाईंचं?"

मी आठवायला लागलो. त्याही गात. त्याही मंडळीत होत्या. हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळालं, सरस्वतीबाईंचा आवाज 'रामराज्य' चित्रपटातून घरोघर पोचला. १९८९ साली हिराबाई गेल्या, २००६ साली सरस्वतीबाई. दोघींवर माझ्यासारखे लोक रकाने लिहू शकतात. कमलाबाईंबद्दल माझ्याजवळ ही दोन वाक्यं. बाकी अकरा वाक्यं त्यांना लागू पडत नाहीत. कुठल्याही गटात अशी एक असतेच का?

"आमच्यात नाही," नात ठामपणे म्हणाली. "आजोबा, मागे कुणीच नसतं. जागा फिरत असतात. प्रत्येकीची पुढे यायची वेळ ठरलेली असते. तुम्ही नीट बघितलंच नाही!"

मी पुन्हा बघायला बसलो. खरंच की. आता पुढे असलेली दोन ओळींनंतर बाजूला सरते, बाजूची मधे येते, मधली मागे जाते. मागे गेलेली मागे गेल्यासारखी नाचत नाही. तिला ठाऊक असतं, आपली वेळ येणार आहे. संपूर्ण कार्यक्रमात मला मनापासून आवडलेली गोष्ट विचाराल तर ही. गळ्यांबद्दल माझा आक्षेप कायम आहे. रोझे सोडून. पण जागा वाटून घ्यायची ही शिस्त आमच्या मैफलींत असती, तर कितीतरी तंबोरे मागल्या रांगेतून पुढे आले असते. काही आलेही. हिराबाईंच्या मागे बसून गाणारी त्यांची एक शिष्या पुढे प्रभा अत्रे म्हणून जगभर गायली. पण ती मागे बसली होती तेव्हा माझ्यासारख्या किती जणांनी 'साथ छान होती' लिहिलं असेल, देव जाणे.

गणपतीत पोरींचा नाच झाला. सोसायटीचं व्यासपीठ म्हणजे चार टेबलं आणि वर गालिचा. त्यातलं एक टेबल लंगडं. ध्वनियंत्रणा मधेच कुरकुरली, एकदा गाणं थांबलं. त्या थांबलेल्या दहा सेकंदांत चौघी न थांबता नाचत राहिल्या आणि तोंडानं गाणं चालू ठेवलं. मायक्रोफोन नाही, यंत्र नाही, लंगडं टेबल. तिथं मला प्रथमच त्या गाण्याची चाल नीट ऐकू आली. चिरंजीव माझ्या शेजारी हातात हातोडा धरून उभे होते. सूनबाईंनी तो त्यांच्या हातात दिला होता आणि तो हलवायचा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

रात्री नात आली. "सांगा. खरं खरं."

मी चार पानं लिहून ठेवली होती. हिनं विचारलं सुद्धा, इतक्या वर्षांनी कसलं लिहिताय? प्रत्येकीला एक पान. उंच मुलीचा ताल पक्का पण दुसऱ्या कडव्यात घाई. चष्मेवालीचे हात सुरेख, पाय जरा विचारात पडतात. तिसरी गाणं थांबलं तेव्हा सगळ्यांत आधी गायला लागली, हे ध्यानात ठेवावं. नातीला लिहिलं, की पुढे येतेस तेव्हा हसतेस, मागे जातेस तेव्हाही हसत जा.

तिनं चारही पानं वाचली. मग म्हणाली, "सगळ्यांना सारखंच लिहिलंय. बेस्ट कोण ते नाही लिहिलं."

"जागा उरली नाही," मी म्हणालो.

चारही पानं ती मैत्रिणींना द्यायला घेऊन गेली. शेवयांचा डबा आमच्याकडे अजून आहे. मी उठून बघितलं, तळाशी काही नव्हतं.